गाठोडे सोडून पाहावे का? झिप फाइल आणि अँटिव्हायरस



आपल्या विद्यालयात या सत्रात एका लहानशा वाटणाऱ्या प्रश्नावर बरीच चर्चा झाली. अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये ‘संकुचित फाइलींच्या आतही तपासा’ अशा अर्थाचा एक पर्याय असतो. संगणक कक्षाचे म्हणणे असे की हा पर्याय बंद करावा. जुन्या संगणकांवर तपासणी सुरू झाली की काम मुंगीच्या पावलाने चालते आणि ४० मिनिटांच्या तासातला बराच वेळ वाट पाहण्यात जातो. कार्यालयाचे म्हणणे नेमके उलट. निकालाचे तक्ते, शुल्काच्या नोंदी, स्नेहसंमेलनाचे फोटो आपण झिप करून घरोघरी पाठवतो. न तपासलेली वस्तू आपल्या नावाने दुसऱ्याच्या घरी कशी पाठवावी?

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. म्हणून केवळ आदेश काढून विषय संपवण्यापेक्षा तो सर्वांनी मिळून समजून घ्यावा, या हेतूने हा पाठ लिहीत आहे. इयत्ता आठवीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना तो सहज समजेल. लहानांना पालकांनी समजावून द्यावा.

१. झिप म्हणजे काय?

मराठ्यांच्या जुन्या दफ्तरांत मोडी कागद कापडात बांधून ठेवत. त्या बांधलेल्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणत. शेकडो सुटे कागद एका रुमालात बांधले की ठेवायला, मोजायला आणि पाठवायला सोपे जातात. झिप फाइल हा संगणकातला रुमालच समजा. अनेक फाइली एकत्र बांधल्या जातात आणि शिवाय त्यांचे आकारमानही कमी होते.

आकारमान कमी कसे होते? गणेशोत्सवातले आरत्यांचे पुस्तक डोळ्यांसमोर आणा. धृपद पहिल्यांदा पूर्ण छापलेले असते. पुढे प्रत्येक कडव्यानंतर पहिला शब्द आणि ‘धृ.’ एवढीच खूण असते. म्हणणाऱ्याला काय म्हणायचे ते कळते आणि कागद वाचतो. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या दोन शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये हीच कल्पना गणिताच्या भाषेत मांडली. एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला तर तो पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा आणि तिथून इतकी अक्षरे घ्या’ अशी सूचना लिहायची. अमेरिकेतील फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये झिप हा प्रकार प्रचारात आणला. आजच्या झिपमध्ये लेम्पेल-झिव्ह यांच्या पद्धतीला डेव्हिड हफमन यांच्या १९५२ च्या पद्धतीची जोड असते. तिच्यात वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड खुणा देतात.

जाता जाता एक व्यवहारातली गोष्ट. मोबाइलने काढलेले फोटो आधीच संकुचित केलेले असतात. त्यामुळे स्नेहसंमेलनाचे २०० फोटो झिप केले तरी आकार फारसा घटत नाही, ते फक्त एका गाठोड्यात येतात.

२. अँटिव्हायरसला आतले का दिसत नाही?

पुण्यातील कैलाश काटकर आणि संजय काटकर या बंधूंची कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. मोठे बंधू कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामातून पुढे आले, धाकटे संगणकशास्त्र शिकले. १९९० च्या दशकात, दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतल्या व्हायरसवर उपाय म्हणून त्यांनी जे सॉफ्टवेअर तयार केले तेच पुढे ‘क्विक हील’ म्हणून प्रसिद्ध झाले. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले. एका मराठी घरातून हे काम उभे राहिले याचा आनंद आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे काम मुळात चालते कसे ते पाहणे.

अँटिव्हायरसची जुनी आणि आजही उपयोगी पद्धत ओळख पटवण्याची आहे. ज्ञात व्हायरसच्या आतील काही विशिष्ट चिन्हांची मालिका त्याच्या यादीत असते. फाइल वाचताना ती मालिका सापडली की तो थांबवतो. आधुनिक अँटिव्हायरस प्रोग्रामच्या वागण्यावरही नजर ठेवतात, पण ओळख पटवणे हा पाया कायम आहे.

आता आरतीच्या पुस्तकाकडे परत या. धृपदातला एखादा शब्द एकूण किती वेळा म्हटला जातो हे छापील पानावर बोट फिरवून मोजले तर उत्तर चुकेल, कारण बऱ्याच ठिकाणी शब्दाऐवजी ‘धृ.’ छापलेले आहे. झिपच्या बाबतीत असेच होते. आतला व्हायरस तोच असतो, पण त्याची अक्षरे बदललेल्या रूपात लिहिलेली असतात. म्हणून झिप फाइल नुसती वरून वाचली तर ओळखीची मालिका सापडत नाही. गाठोडे आधी सोडायचे, प्रत्येक फाइल मूळ रूपात आणायची आणि मग तपासायची, एवढाच मार्ग उरतो. या सोडवण्यात वेळ आणि स्मृती दोन्ही खर्च होतात. संगणक कक्षाची तक्रार येथूनच जन्मते.

३. ‘आत तपासू नये’ म्हणणाऱ्यांची बाजू

पहिला मुद्दा पक्का आहे. वाळवी लागलेला कागद रुमालात बांधला तर वाळवी आतल्या आतही खात राहते. व्हायरसचे तसे नाही. झिपमध्ये बंद असलेला व्हायरस निपचित असतो. तो प्रोग्राम आहे, आणि प्रोग्राम चालवल्याशिवाय काही करत नाही. तो चालवायचा तर आधी बाहेर काढावा लागतो. बाहेर काढताना फाइल डिस्कवर लिहिली जाते आणि त्याच क्षणी अँटिव्हायरसचा सतत जागा असणारा पहारेकरी तिला पाहतो. मग तीच फाइल पुन्हा पुन्हा बंद गाठोड्यात का तपासावी?

दुसरा मुद्दा वेळेचा. एका गाठोड्यात हजारो फाइली असू शकतात. त्या गाठोड्याला कोणी नुसता हात लावला तरी प्रत्येक वेळी सगळे सोडून पाहायचे म्हटले, तर जुना संगणक दमणारच.

तिसरा मुद्दा ऐकून विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटेल. काही गाठोडी तपासणाऱ्याला दमवण्यासाठीच बांधलेली असतात. ‘४२ झिप’ नावाची एक प्रसिद्ध फाइल आहे. तिचा आकार फक्त ४२ किलोबाइट. आत १६ झिप, त्या प्रत्येकीत पुन्हा १६, असे पाच थर आहेत. सर्वांत आतली प्रत्येक फाइल सुमारे ४.३ गीगाबाइटची. सगळे सोडले तर एकूण सुमारे ४५ लाख गीगाबाइट होतात. एवढी जागा कोणत्या शाळेत आहे? म्हणून प्रत्येक चांगला अँटिव्हायरस किती थर खोल जायचे आणि किती मोठे उलगडायचे याची मर्यादा ठेवतो. याचा अर्थ असाही होतो की ‘आतले तपासले’ हे वाक्य कधीच पूर्णपणे खरे नसते.

चौथा मुद्दा तज्ज्ञांच्या वर्तुळातला आहे, पण आपणही जाणून घ्यावा. गाठोडे सोडणारा भाग स्वतःच गुंतागुंतीचा प्रोग्राम असतो आणि त्यातही उणिवा राहतात. २०१६ मध्ये गूगलच्या टेव्हिस ऑर्मंडी या संशोधकाने सिमँटेकच्या अँटिव्हायरसमधील अशाच भागातल्या गंभीर उणिवा उघड केल्या. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरमध्ये ‘रार’ प्रकारच्या फाइली सोडणाऱ्या भागात दोष सापडला. दोन्ही दोष दुरुस्त झाले. पण मुद्दाम विकृत बांधलेले गाठोडे सोडता सोडता तपासनीसच फसू शकतो, हे त्यातून दिसले.

४. ‘आत तपासावे’ म्हणणाऱ्यांची बाजू

‘बाहेर काढताना पकडू’ या युक्तिवादात एक गृहीत धरलेले असते, ते म्हणजे गाठोडे आपल्याच संगणकावर उघडले जाईल. विद्यालयाचे तसे नाही. आपण गाठोडी घेतो आणि पुढे पाठवतो. मूळ प्रोजेक्ट विद्यार्थ्याच्या घरी तयार होतो, बाड्याजवळच्या एखाद्या दुकानात त्याचा प्रिंट काढला जातो, तोच पेन ड्राइव्ह संगणक कक्षात येतो आणि तेथून झिप फाइल ५० घरी जाते. आपल्याकडे ती कोणी उघडलीच नाही तर आपला पहारेकरी गप्प राहील. ज्या घरी अँटिव्हायरस जुना झाला आहे किंवा मुळीच नाही, तेथे ती उघडेल. दोष संगणकाचा, पण नाव विद्यालयाचे.

हे काल्पनिक भय नाही. जानेवारी २००४ मध्ये ‘मायडूम’ हा ईमेलमधून पसरणारा व्हायरस जगभर फिरला. त्याच्या अनेक पत्रांना झिप फाइल जोडलेली असे. ज्या कार्यालयांच्या मेल व्यवस्थेत झिप उघडून पाहण्याची सोय नव्हती, तेथे ते पत्र सरळ आत गेले.

दुसरे कारण याहून जवळचे आहे. झिप हे फक्त ‘झिप’ नावाच्या फाइलीतच असते असे नाही. ऑफिस २००७ पासून वर्डच्या आणि एक्सेलच्या नव्या प्रकारच्या फाइली आतून झिपच असतात. अँड्रॉइड मोबाइलवर अ‍ॅप बसवण्याची ‘एपीके’ फाइलही आतून झिपच असते. म्हणजे आत न पाहणारा तपासनीस निकालाचा तक्ताही पाहू शकणार नाही आणि मोबाइलचे अ‍ॅपही नाही. अलीकडच्या वर्षांत आपल्या देशात लग्नाची निमंत्रणपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल पाठवून फसवण्याचे प्रकार घडले आणि २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशच्या सायबर पोलिसांनी त्याविषयी लोकांना सावध केले. पालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. पत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात येते. पत्रिका पाहण्यासाठी अ‍ॅप बसवावे लागत असेल तर ती पत्रिका नव्हे.

५. कुलूप लावलेले गाठोडे

आता सर्वांत कठीण प्रकार. झिपला पासवर्ड लावला की आतले अँटिव्हायरसला वाचताच येत नाही. पर्याय चालू असो वा बंद, फरक पडत नाही.

२००४ च्या मार्च महिन्यातली एक घटना यासाठी अभ्यासण्यासारखी आहे. ‘बेगल’ नावाच्या व्हायरसच्या काही आवृत्त्या पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये येऊ लागल्या आणि पासवर्ड त्याच पत्रात लिहिलेला असे. वाचणारा माणूस तो वाचून गाठोडे उघडी. तपासनीस सॉफ्टवेअर मात्र बाहेरच थांबे. मग अँटिव्हायरस कंपन्यांनी पत्रातला पासवर्ड शोधून कुलूप उघडण्याची युक्ती केली. त्यावर व्हायरस लिहिणाऱ्यांनी पासवर्ड अक्षरांऐवजी चित्राच्या रूपात द्यायला सुरुवात केली. माणसाला चित्र वाचता येत होते, तेव्हाच्या सॉफ्टवेअरला येत नव्हते.

येथे कोणतेही सेटिंग आपल्याला वाचवत नाही. पत्र खरोखर कोणी पाठवले, कुलूप का लावले आणि किल्ली कुलपासोबतच का पाठवली, हे तीन प्रश्न माणसालाच विचारावे लागतात. आपले कार्यालय गोपनीय कागद पासवर्ड लावून पाठवते तेव्हा पासवर्ड फोनवर सांगते, त्याच पत्रात लिहीत नाही, याचे कारण विद्यार्थ्यांनी आता समजून घ्यावे.

६. किल्ल्याचा धडा

आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेकडून चढताना एकामागून एक दरवाजे लागतात आणि शेवटी हाथी पोल येतो. सहलीत विद्यार्थी नेहमी विचारतात की एक मजबूत दरवाजा पुरेसा नव्हता का? याचे उत्तर इतिहासात आहे. ऑगस्ट १७८० मध्ये, किल्ला महादजी शिंदे यांच्या ताब्यात असताना, पोफॅम याच्या हाताखालील इंग्रज कंपनीच्या फौजेने रात्री शिड्या लावून कडा चढला. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून शिपायांनी कापूस भरलेले जोडे वापरले होते. दरवाजे जागच्या जागी राहिले आणि किल्ला गेला. महादजींनी तो १७८३ मध्ये परत मिळवला.

संगणकातही येणाऱ्या वस्तूची प्रवेशद्वारी तपासणी आणि आतला जागता पहारा ही दोन वेगळी कामे आहेत. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. प्रवेशद्वारी गाठोडे सोडून पाहिले तरी कुलूपबंद किंवा फार खोल बांधलेले गाठोडे निसटून आत येऊ शकते, म्हणून आतला पहारा कधीही बंद करू नये. आणि आतला पहारा जागा आहे म्हणून प्रवेशद्वार मोकळे सोडू नये, कारण आपल्या दारातून वस्तू दुसऱ्यांच्या घरी जातात.

तेव्हा ‘आत तपासावे की नाही’ हा प्रश्न ‘कधी तपासावे’ असा विचारला की दोन्ही बाजू जुळतात. गाठोडे दारात येते तेव्हा, दारातून जाते तेव्हा आणि सोडले जाते तेव्हा तपासावे. कपाटात पडून असलेले गाठोडे दर तासाला सोडू नये.

७. आपल्या विद्यालयाची व्यवस्था

वरील विचारानुसार पुढील नियम ठरवले आहेत.

(१) अँटिव्हायरसचा सतत चालणारा पहारा कोणत्याही संगणकावर, कोणत्याही कारणाने, एका तासापुरताही बंद होणार नाही. या पहाऱ्यात मोठी गाठोडी वारंवार सोडण्याचा पर्याय मात्र कक्षातील जुन्या संगणकांवर बंद राहील.

(२) बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह प्रथम एका ठरावीक संगणकावर लावून, गाठोड्यांच्या आतल्या फाइलींसह पूर्ण तपासला जाईल. प्रोजेक्ट आणणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी मधल्या सुट्टीत यावे, तासाचा वेळ वाया घालवू नये.

(३) विद्यालयातून बाहेर जाणारी प्रत्येक झिप फाइल पाठवण्यापूर्वी त्याच प्रकारे तपासली जाईल.

(४) सर्व संगणकांची संपूर्ण तपासणी, गाठोड्यांसह, दर शनिवारी शाळा सुटल्यावर होईल.

(५) गाठोड्यात एखादी दूषित फाइल सापडली तर अँटिव्हायरसने फक्त सूचना द्यावी, संपूर्ण गाठोडे आपोआप पुसू नये. हा नियम अनेकांना विचित्र वाटेल. पण एका झिपमध्ये पाच वर्षांचे निकाल असतील आणि त्यात एकच फाइल वाईट असेल, तर एका फाइलीसाठी पाच वर्षांची नोंद घालवणे हा उपचार रोगाहून महाग पडतो. संगणक शिक्षक ते गाठोडे वेगळ्या जागी उघडून चांगल्या फाइली काढून घेतील. निकालांची दुसरी प्रत विद्यालयाबाहेर सुरक्षित राहील.

(६) गाठोडी सोडणारे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवले जाईल. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘विनरार’ या लोकप्रिय सॉफ्टवेअरमधला एक दोष प्रसिद्ध झाला. तो सुमारे १९ वर्षे त्यात होता. मुद्दाम बांधलेले गाठोडे सोडताच आतली फाइल गुपचूप अशा जागी जाऊन बसे की पुढच्या वेळी संगणक सुरू होताना ती आपोआप चालावी. नव्या आवृत्तीत तो दोष काढला गेला, पण ज्यांनी जुनीच आवृत्ती ठेवली त्यांना त्याचा उपयोग झाला नाही.

विश्वस्त मंडळाला एक विनंती आहे. या व्यवस्थेला पैशापेक्षा शिस्त जास्त लागते, परंतु नियम दोनसाठी लागणारा एक बऱ्यापैकी वेगवान संगणक मात्र आवश्यक आहे. पुढील अंदाजपत्रकात त्याचा विचार व्हावा.

पालकांना विनंती अशी की घरी आपल्या नावाने कोणतीही झिप किंवा एपीके फाइल आली तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारल्याशिवाय उघडू नये. पैशांची फसवणूक झाल्यास वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

८. स्वाध्याय

(१) आपल्या आवडीच्या आरतीची सर्व कडवी धृपदासह पूर्ण लिहा. मग ‘धृ.’ ही खूण वापरून पुन्हा लिहा. दोन्हींतील अक्षरे मोजा. किती टक्के बचत झाली?

(२) १६ × १६ × १६ × १६ × १६ किती होतात? त्याला ४.३ ने गुणून ‘४२ झिप’चा एकूण आकार गीगाबाइटमध्ये काढा आणि वर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा.

(३) ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाइल असते. अँटिव्हायरस जागा आहे की नाही हे पाहण्यासाठीच ती तयार केली आहे. ती सुटी, झिपमध्ये आणि झिपच्या आतल्या झिपमध्येही मिळते. संगणक कक्षात शिक्षकांच्या देखरेखीखाली तिन्ही प्रकार तपासून पाहा. कोणता प्रकार कधी पकडला जातो, याची नोंद वहीत करा. हा प्रयोग घरी किंवा दुकानातल्या संगणकावर करू नये.

(४) वर्डची एखादी साधी फाइल घ्या, तिची प्रत काढा आणि प्रतीच्या नावातील शेवटचा भाग बदलून तेथे झिप लिहा. ती उघडल्यावर आत काय दिसते ते लिहा.

उत्तरे स्वच्छ अक्षरांत लिहून संगणक कक्षाबाहेरच्या पेटीत महिनाअखेरपर्यंत टाकावीत. चांगली उत्तरे पुढील अंकात छापली जातील.

— प्राचार्य